टपालाच्या थैल्या भरण्याआधी: फेब्रुवारी १९३४ मधील सराव उड्डाणांचे अपघात

१६ फेब्रुवारी १९३४ या एकाच दिवशी अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाचे, म्हणजे आर्मी एअर कोरचे, तीन तरुण अधिकारी पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात विमाने कोसळून मरण पावले. देश कोणाशीही युद्धात नव्हता, आणि ज्या हवाई टपालासाठी त्यांना तिकडे पाठवले होते त्या टपालातले एकही पत्र त्यांच्या विमानांत नव्हते. तीन दिवसांनी जे मार्ग चालवायचे होते ते आधी डोळ्यांखालून घालावेत, एवढ्याचसाठी ते निघाले होते. पुढच्या काही आठवड्यांत, देशभरचे हवाई टपाल लष्कराने नेण्याच्या या मोहिमेचे जे व्हायचे होते त्याची सगळी कारणे या सरावाच्या अपघातांत उघड दिसत होती. म्हणून या लेखात संपूर्ण मोहिमेपेक्षा तिच्या आधीच्या दहा दिवसांकडे अधिक बारकाईने पाहिले आहे. मृत अधिकाऱ्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांनी जाहीर पदावरून निर्णय घेतले त्यांची दिली आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेत हवाई टपाल १५ मे १९१८ रोजी सुरू झाले ते लष्कराच्याच वैमानिकांनी. काही महिन्यांतच ते काम टपाल खात्याने स्वतःकडे घेतले आणि १९२०च्या दशकात टप्प्याटप्प्याने खासगी कंपन्यांना कंत्राटाने दिले. टपाल खात्याच्या काळात तीसहून अधिक वैमानिक कामावर असताना मेले. त्या किमतीतून जे शहाणपण आले ते कंपन्यांकडे वारशाने गेले. रात्रीच्या मार्गांवर दिव्यांचे मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या जोडीला रेडिओचे मार्ग आले. वैमानिक ठरलेल्या मार्गावर असेल तर त्याच्या कानात अखंड सूर वाजत राहायचा. तो एका बाजूला ढळला की त्या सुराच्या जागी मोर्स लिपीतले एक अक्षर ऐकू यायचे आणि दुसऱ्या बाजूला ढळला की दुसरे. १९३३पर्यंत मोठ्या कंपन्यांचे वैमानिक बंद कॉकपिटमध्ये बसून, उपकरणांवर नजर ठेवून, तोच मार्ग महिनोन् महिने चालवत होते.

ही कंत्राटे मात्र वादात सापडली. १९३०मध्ये त्या वेळचे पोस्टमास्टर जनरल, म्हणजे देशाच्या टपाल खात्याचे प्रमुख, वॉल्टर ब्राऊन यांनी काही मोजक्या मोठ्या कंपन्यांना बोलावून मार्गांची वाटणी केली होती. सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांच्या समितीने त्याची चौकशी केली, तेव्हा छोट्या कंपन्यांना डावलल्याचा आरोप देशभर गाजला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ९ फेब्रुवारी १९३४ रोजी सगळी देशांतर्गत कंत्राटे रद्द करण्याचा आदेश काढला. तो १९ फेब्रुवारीपासून अमलात यायचा होता. त्या दिवसापासून टपाल लष्कर नेणार होते.

अडचण

त्याच ९ तारखेला टपाल खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी एअर कोरचे प्रमुख मेजर जनरल बेंजामिन फूलॉइ यांच्याशी बोलले आणि लष्कर हे काम करू शकेल का, असे विचारले. आठवडा ते दहा दिवस मिळाले तर करू शकू, असे उत्तर फूलॉइ यांनी दिले. लष्करप्रमुख डग्लस मॅकार्थर यांना त्यांनी आधी विचारलेही नव्हते. मॅकार्थर यांना ही बातमी एका वार्ताहराकडून कळली, असे सांगितले जाते.

या उत्तरामागचे मन समजून घेतले पाहिजे, कारण त्यात लबाडी नव्हती. मंदीच्या काळात एअर कोरचा निधी आटला होता, पगारात कपात झाली होती, उड्डाणाचे तास कमी केले होते. आपले दल किती उपयोगी आहे हे देशाला दाखवण्याची संधी दारात चालून आली आहे, असे फूलॉइ यांना वाटले असावे. शिवाय सरकारच्या वरच्या पातळीवरून आलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे वर्दीतल्या माणसाला सोपे नसते. तरीही ‘करू शकू का’ या प्रश्नाचे उत्तर मोजमाप करून द्यायचे होते, आणि ते मोजमाप त्या दिवशी कोणी केले नाही.

केले असते तर काय दिसले असते? मंदीच्या वर्षांत एअर कोरचे उड्डाण जवळजवळ पूर्णपणे दिवसा आणि चांगल्या हवेतच होत होते. टपालाचे काम मुख्यतः रात्रीचे, आणि महिना फेब्रुवारीचा. या मोहिमेत पुढे जे २६२ वैमानिक वापरले गेले त्यांपैकी १४० जण राखीव दलातले कनिष्ठ अधिकारी होते आणि त्यांचा उड्डाणाचा अनुभव दोन वर्षांहून कमी होता. खराब हवेत किमान २५ तास उडालेले फक्त ४८ होते. रात्रीचे ५० किंवा अधिक तास फक्त ३१ जणांच्या नावावर होते. केवळ उपकरणांवर विसंबून ५० तास उडालेले किती? दोन.

या शेवटच्या आकड्याचा अर्थ नीट कळण्यासाठी ढगात शिरलेल्या वैमानिकाचे काय होते ते सांगायला हवे. आपला तोल कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधल्या द्रवावर अवलंबून असतो. विमान हळूहळू एका बाजूला कलले आणि त्याच वळणात काही वेळ राहिले, की तो द्रव स्थिरावतो आणि वैमानिकाला आपण अगदी सरळ जात आहोत असे वाटू लागते. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. धुक्यात किंवा बर्फात ते दिसत नाही. मग विमान खरोखर सरळ केले की शरीर सांगते, ‘तू उलट बाजूला कललास’, आणि माणूस शरीराचे ऐकून पुन्हा त्याच वळणात जातो. ते वळण आवळत जाते, नाक खाली झुकते आणि विमान गिरक्या घेत जमिनीकडे येते. धैर्याने किंवा हातातल्या कौशल्याने हे टळत नाही. शरीराची साक्ष नाकारून काट्यांवर विश्वास ठेवण्याची सवय लागावी लागते, आणि ती सवय तासांनी लागते.

मला सर्वांत जास्त सलते ते हे, की ही गोष्ट लष्कराला ठाऊक होती. एअर कोरच्याच विल्यम ऑकर या अधिकाऱ्याने १९२६पासून फिरत्या खुर्चीवर वैमानिकांना बसवून हा भ्रम सिद्ध करून दाखवला होता. जेम्स डूलिटल यांनी सप्टेंबर १९२९मध्ये झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर अजिबात न पाहता, विमान उडवून पुन्हा उतरवले होते, आणि तेही लष्करी अधिकारीच होते. १९३२मध्ये अल्बर्ट हेगेनबर्गर यांनी तेच एकट्याने करून दाखवले. ज्ञान घरातच होते. ते घरातल्या धाकट्यांपर्यंत पोहोचले नव्हते.

साधनांची कथा वेगळी नव्हती. एअर कोरच्या भांडारात २७४ दिशादर्शक जायरो (विमानाची दिशा दाखवणारी उपकरणे) आणि ४६० कृत्रिम क्षितिजे (विमान किती कलले आहे ते दाखवणारी उपकरणे) होती, पण त्यांतली फारच थोडी प्रत्यक्ष विमानांत बसवलेली होती. रेडिओ संच १७२ होते आणि बहुतेकांचा पल्ला ३० मैल किंवा त्याहून कमी होता.

समोर असलेले पर्याय

वरच्या पातळीवर एक पर्याय स्पष्टपणे मांडला गेला होता. पोस्टमास्टर जनरल जेम्स फार्ली यांचे म्हणणे होते की कंत्राटे १ जूनपासून रद्द करावीत, म्हणजे मधल्या काळात नव्या निविदा मागवता येतील आणि टपाल खंड न पडता नव्या हातांत जाईल. हा सल्ला मानला गेला असता तर हिवाळाही सरला असता. रूझवेल्ट यांना मात्र ताबडतोब कारवाई हवी होती. गैरव्यवहाराने मिळालेले कंत्राट आणखी चार महिने चालू देणे त्यांना राजकीयदृष्ट्या आणि नैतिकदृष्ट्याही पटणारे नव्हते. या भूमिकेत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण कंत्राटाचा दोष कागदावर होता आणि त्याच्या दुरुस्तीची जोखीम हवेत जाणाऱ्या माणसांवर टाकली गेली.

एअर कोरच्या आत दुसरा महत्त्वाचा निर्णय होता तो माणसांच्या निवडीचा. अनुभवी वैमानिकांपैकी बरेचसे दलाच्या प्रशिक्षण शाळांत शिक्षक म्हणून नेमलेले होते. त्यांना काढले तर शाळा बंद पडल्या असत्या, म्हणून त्यांना हात न लावता तुकड्यांतल्या तरुणांना पाठवायचे ठरले. दलाच्या दीर्घकालीन हिताचा विचार केला तर हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण मग काम अननुभवी माणसांच्या हाती जाणार हे मान्य करून ते त्या मानाने लहान करायला हवे होते, दिवसापुरते, सपाट प्रदेशापुरते. मार्ग कमी केले गेले हे खरे, तरी रात्र, डोंगर आणि हिवाळा हे तिन्ही कामात राहिलेच.

काय केले गेले

मोहिमेची सूत्रे ब्रिगेडियर जनरल ऑस्कर वेस्टोव्हर यांच्याकडे देण्यात आली. देशाचे तीन विभाग पाडले गेले: पूर्वेला मेजर बायरन जोन्स, मध्यभागी लेफ्टनंट कर्नल होरेस हिकम आणि पश्चिमेला लेफ्टनंट कर्नल हेन्री आर्नल्ड. आर्नल्ड यांनी सॉल्ट लेक सिटीत ठाण मांडले. विमाने आणि माणसे देशभर हलवण्यात आली, पण अनेक ठिकाणी दुरुस्तीची सोय नव्हती, हत्यारे वेळेवर पोहोचली नाहीत, आणि शिपायांना झोपायलाही धड जागा नव्हती. रोजच्या भत्त्याची तरतूद मोहीम सुरू होऊन बरेच दिवस लोटल्यावर झाली. उपकरणे घाईघाईने बसवली जात होती आणि ज्यांच्यासमोर ती बसवली जात होती त्यांना ती वाचायचा सराव नव्हता. टपालासाठी बांधलेली विमाने नव्हतीच. पी-१२ हे लढाऊ विमान फार तर ५० पौंड टपाल नेऊ शकत होते. कित्येक विमानांची कॉकपिट उघडी होती, त्यामुळे वैमानिकाला गोठवणाऱ्या वाऱ्यात बसून नकाशा पाहावा लागायचा.

१४ फेब्रुवारीला फूलॉइ संसदेच्या टपाल समितीपुढे गेले. आपण सर्वांत अनुभवी वैमानिक निवडले आहेत आणि त्यांना रात्रीच्या व खराब हवेतल्या उड्डाणाचा पुरेसा अनुभव आहे, अशी ग्वाही त्यांनी दिली. वर दिलेले आकडे या ग्वाहीशेजारी ठेवून पाहावेत.

मार्गांची ओळख करून घेण्यासाठी सराव उड्डाणे ठेवली होती, आणि ही कल्पना अगदी योग्य होती. नकाशावरची दरी आणि रात्री खिडकीखाली येणारी दरी यांत फार अंतर असते. दिव्याचा मनोरा कुठल्या टेकडीमागे लपतो, धुके कुठल्या खोऱ्यात आधी भरते, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. दोष होता तो या सरावाला मिळालेल्या वेळात. तारीख आधीच ठरलेली होती. सोमवारी टपाल निघणार म्हणजे शुक्रवारी हवा कशीही असो, मार्ग पाहून व्हायलाच हवा होता. ओळखीच्या फेरीचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे हवा बिघडली तर परत फिरता येते, कारण कोणी वाट पाहत नसते. तारखेच्या दडपणाने तोच फायदा काढून घेतला.

१६ फेब्रुवारी

पश्चिम विभागात त्या दिवशी दोन विमाने गेली. एक कर्टिस ए-१२, दोन आसनांचे हल्लेखोर विमान, युटाच्या डोंगरांत हिमवादळात सापडून कोसळले आणि त्यातले दोन्ही अधिकारी मरण पावले. दुसरे डग्लस बी-७ हे दोन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान आयडाहो राज्यातील जेरोम गावाजवळ धुक्यात जमिनीवर आदळले. त्यात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. तिघेही सेकंड लेफ्टनंट होते. दोन्ही अपघातांचे कारण खराब हवा असे नोंदले गेले.

हे कारण खोटे नाही, पण ते तिथेच सोडून देणे मला मान्य नाही. हिवाळ्यात रॉकी पर्वतावर बर्फ पडणार हे कोणालाही नवीन नव्हते. त्याच मार्गांवर कंपन्यांचे वैमानिक त्याच हवेत वर्षानुवर्षे ये-जा करत होते, आणि हवा फारच वाईट असेल तर न निघण्याचा अधिकार आणि तसा सल्ला देणारी माणसे त्यांच्याजवळ होती. अपघातांची बातमी ऐकून पहिल्या महायुद्धातले नावाजलेले वैमानिक एडी रिकनबॅकर यांनी याला ‘कायदेशीर खून’ म्हटले. रिकनबॅकर त्या वेळी एका विमान कंपनीचे पदाधिकारी होते, त्यामुळे त्यांचा हितसंबंध लपलेला नव्हता. तरी त्यांच्या शब्दातला राग निव्वळ धंद्याचा नव्हता, असे मला वाटते. ते वैमानिक होते.

परिणाम

मोहीम ठरल्याप्रमाणे १९ फेब्रुवारीला सुरू झाली. पहिले विमान कॅन्सस सिटीहून ३९ पौंड टपाल घेऊन सेंट लुईसकडे गेले. त्यानंतर हवा सुधारली नाही आणि मृत्यू वाढत गेले. १० मार्च रोजी रूझवेल्ट यांनी मॅकार्थर आणि फूलॉइ यांना बोलावून घेतले, आणि उड्डाणे थांबवण्यात आली. १९ मार्चला ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मार्ग कमी केलेले होते, उपकरणे असलेली विमाने निवडलेली होती आणि अननुभवी वैमानिकांवर बंधने घातलेली होती. यानंतरही मृत्यू पूर्णपणे थांबले नाहीत, पण कमी झाले. मे महिन्यापासून टपाल पुन्हा कंपन्यांकडे जाऊ लागले. एकूण ६६ अपघात झाले आणि १३ जण मेले. काही नोंदींत ही संख्या १२ आहे. त्यांतले टपाल घेऊन जाताना मेलेले केवळ पाच. बाकीचे सराव, ने-आण आणि ओळखीच्या फेऱ्यांत गेले.

याच काळात आपल्याकडे जे चालले होते त्याची आठवण इथे अप्रस्तुत ठरू नये. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूला टपाल आणले, आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमान छोटे पस मॉथ, साधने जुजबी. तरी पहिल्या वर्षात, पश्चिम घाटावरच्या पावसाळ्यासह, त्यांचे टपाल शंभर टक्के वेळेवर पोहोचल्याची दखल त्या वेळच्या नागरी विमान खात्याने घेतली. पावसाळ्यात जुहूचा चिखल झाला की ते पुण्याचे मैदान वापरत. दोन्ही कामांची तुलना सरळ करता येणार नाही, कारण टाटांचा मार्ग एक होता, फेरी आठवड्याची होती आणि रात्रीचे उड्डाण नव्हते. पण मोजकी माणसे एकच मार्ग ऋतूप्रमाणे ओळखून चालवतात तेव्हा काय साधते, ते यातून दिसते.

लष्करात बदल झाले, हे नोंदवलेच पाहिजे. न्यूटन बेकर यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने प्रत्येक वैमानिकाला वर्षाला ३०० तास उड्डाण आणि त्यात रात्रीचे व उपकरणांवरचे उड्डाण मिळावे अशी शिफारस केली. एडविन लिंक यांनी जमिनीवरच उपकरणांचा सराव देणारे यंत्र बनवले होते आणि ते कित्येक वर्षे जत्रांतल्या करमणुकीसाठीच विकले जात होते. या यंत्राबाबत लष्कराचे अधिकारी न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला लिंक यांची वाट पाहत होते त्या दिवशी धुके इतके होते की ते येतील असे कोणालाच वाटले नाही. लिंक स्वतः विमान चालवत उपकरणांच्या आधाराने उतरले. जून १९३४मध्ये लष्कराने अशी सहा यंत्रे प्रत्येकी ३,५०० डॉलरना घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक याच यंत्रात बसून काट्यांवर विश्वास ठेवायला शिकले.

काय वेगळे करता आले असते

पहिला टप्पा ९ फेब्रुवारीचा. फूलॉइ यांनी ‘दहा दिवसांत’ म्हणण्याऐवजी ‘दोन दिवसांत सांगतो’ म्हटले असते, आणि प्रत्येक तुकडीकडून रात्रीचे व उपकरणांवरचे तास मागवले असते, तर तो ‘दोन’ हा आकडा निर्णयाच्या आधी टेबलावर आला असता. तो आकडा पाहून फार्ली यांच्या १ जूनच्या सूचनेला बळ आले असते, असे मानायला जागा आहे. तेही नको असेल तर रेल्वे होतीच; पत्र एक-दोन दिवस उशिरा मिळाले असते.

दुसरा टप्पा शिक्षकांचा. शाळा न मोडता प्रत्येक मार्गावर एकेक अनुभवी शिक्षक पाठवता आला असता, आणि त्याच्या शब्दाशिवाय कोणी निघू नये एवढा एकच नियम करता आला असता. कंपन्यांच्या वैमानिकांना, ज्यांना हे मार्ग तोंडपाठ होते आणि ज्यांचे काम एका आदेशाने गेले होते, शेजारी बसवून मार्ग दाखवायला सांगता आले असते. हा पर्याय त्या वेळच्या वैरात कोणाला सुचणे कठीण होते हे मी जाणतो.

पण माझ्या मते सर्वांत मोठा चुकलेला टप्पा १६ तारखेच्या संध्याकाळचा आहे. तोपर्यंत झालेल्या चुका अंदाजाच्या होत्या. त्या संध्याकाळी मात्र अंदाज उरला नव्हता. सरावानेच दाखवून दिले होते की ही माणसे, ही विमाने आणि ही हवा यांचा मेळ बसत नाही. सराव कशासाठी असतो? खरे काम सुरू होण्याआधी असेच काही कळावे म्हणून. ते कळले, तीन जिवांच्या मोलाने कळले, आणि तारीख बदलली नाही. पुढे जी नऊ दिवसांची विश्रांती १० मार्चनंतर घेतली गेली, जे मार्ग कमी केले गेले आणि अनुभवाची जी अट घातली गेली, त्यांतले काहीही १७ फेब्रुवारीला अशक्य नव्हते. थांबल्याने टपाल अडेल ही भीती असेल, तर तीही फोल होती. सोमवारी, १९ तारखेला, नेवार्कहून निघायचे ठरलेले पहिले विमान हिमवादळामुळे निघालेच नाही.